आंदण मुंबई आणि इवानागासान

१० सप्टेंबर २०१३, मंगळवार
ग्योतोकु, इचिकावा

दीड दिवसाच्या गणपतीचं आज बाल्कनीत बादलीत विसर्जन केलं. नात विभा आरतीत जपानी गाण्याच्या चालीवर टाळ्या वाजवत होती. नऊ वर्षांची आहे. मी मराठीत विचारते, ती जपानीत उत्तर देते, आणि आम्हा दोघींचं व्यवस्थित चालतं.

लेक अनघा सायकलवरून पडली आणि घोटा मोडला, म्हणून मी आले. तीन महिन्यांचा व्हिसा आहे. घरात कपाटं भिंतीला स्क्रूने आवळलेली. दोन वर्षांपूर्वीच्या भूकंपानंतर सारंगने हे सगळं केलं. दाराशी लाल पिशवी आहे, तिच्यात पाणी, बॅटरी आणि बिस्किटं. जावईबापूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, हलायला लागलं की टेबलाखाली जायचं. मी म्हणाले, या गुडघ्यांनी मी टेबलाखाली जाईपर्यंत भूकंप संपेल.

कामाला फार वेळ लागत नाही. दुपारी खिडकीत बसून राहते. मागच्या वर्षी निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, आता निवांत वाचन करू. एकही पुस्तक पुरं केलं नाही. एकतीस वर्षं सतराव्या शतकातलं इंग्लंड शिकवलं, आणि मी गेले त्याच वर्षी विद्यापीठाने तो पेपर बंद केला. म्हणजे आम्ही दोघं एकदमच निवृत्त झालो.

१९ सप्टेंबर, गुरुवार

वरच्या मजल्यावरच्या होशिनोसान आज आल्या होत्या. पंचाहत्तरीच्या आहेत, पण जिना माझ्यापेक्षा भराभर चढतात. इथल्या कोमिनकानमध्ये, म्हणजे वस्तीच्या सार्वजनिक सभागृहात, त्यांचं एक ज्येष्ठांचं मंडळ दर गुरुवारी जमतं. परदेशी माणसाने काहीतरी शिकवावं अशी त्यांची हौस. मी काय शिकवायचे, हे त्यांनी अनघाकडून काढून घेतलं होतं. म्हणाल्या, तेच शिकवा.

मला हसू आलं. कॅथलिकांच्या धास्तीने इंग्लंडच्या राजांनी आणि संसदेने दीडशे वर्षं काय काय कायदे केले, हे इचिकावातल्या पेन्शनरांना कशाला हवंय? तसं मी विचारलं. त्यावर होशिनोसान शांतपणे म्हणाल्या की मागच्या वर्षी मंडळाने आठ महिने स्विस घड्याळांवर काढले आहेत.

माझ्या इंग्रजीचे दुभाषी म्हणून इवानागासान नावाचे गृहस्थ येणार आहेत. व्यापारी जहाजांवर वायरलेस ऑफिसर होते.

२६ सप्टेंबर, गुरुवार

लिहायला हवं असं पुष्कळ आहे.

तेवीस माणसं आली होती. प्रत्येकाची वही नवी, पेन्सिली टोक केलेल्या. मी सुरुवात मुंबईपासून केली. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने पोर्तुगालच्या राजकन्येशी, कॅथरीनशी लग्न केलं आणि पोर्तुगालने त्याला मुंबई आंदण दिली. म्हणजे माझं गाव एका मुलीच्या लग्नात रुखवतासारखं गेलं. ती मुलगी कॅथलिक होती, आणि इंग्रज तिला मरेपर्यंत विसरू देणार नव्हते की ती कॅथलिक आहे.

इवानागासान एकोणसत्तर वर्षांचे आहेत. उंच, किंचित वाकलेले, बोलणं हळू. माझं एक वाक्य झालं की ते डोळे मिटतात आणि मग त्याची तीन जपानी वाक्यं होतात. लोक माझ्या विनोदाला हसत नाहीत, त्यांच्या भाषांतराला हसतात. मध्येच जमीन हलली. पंखे डुलले, कपबश्या वाजल्या. सगळे छताकडे बघत बसले. हलायचं थांबलं तसं इवानागासानांनी वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच पुरं केलं.

शेवटी एका आजोबांनी विचारलं, मुंबई देताना मुंबईच्या लोकांना कोणी विचारलं होतं का? एकतीस वर्षांत मला वर्गात एकच प्रश्न विचारला गेला, मॅडम, हे परीक्षेला आहे का. मी सांगितलं, नाही, कोणीच नाही.

इवानागासान तरुणपणी पंधरा वेळा मुंबईला येऊन गेलेत, सगळा मुक्काम गोदीत. त्यांना हिंदीचं एक वाक्य येतं, "एक चाय, शक्कर कम". ते मला सेनसेई म्हणतात, म्हणजे गुरुजी.

३ ऑक्टोबर, गुरुवार

आज भीती कुठून आली ते सांगितलं. पोपने एलिझाबेथ राणीला बहिष्कृत करून तिच्या प्रजेला सांगितलं की हिचं ऐकू नका. तेव्हापासून प्रत्येक कॅथलिक शेजारी हा आतून फितूर असणार, असं सामान्य इंग्रजाला वाटायला लागलं. मग स्पेनचं आरमार चालून आलं. मग १६०५ साली संसदेच्या तळघरात छत्तीस पिंपं बंदुकीची दारू सापडली. मूठभर कॅथलिकांचा कट, पण कायदे सगळ्यांवर आले. आणि संसदेने कायदाच केला की दर वर्षी पाच नोव्हेंबरला देवाचे आभार मानायचे.

व्याख्यान झाल्यावर होशिनोसान, इवानागासान आणि मी सोबा, म्हणजे इथल्या शेवया, खायला गेलो. जेवण समोर आल्यावर इवानागासान डोळे मिटून क्षणभर बसले. दमले असावेत. दोन तास भाषांतर करणं या वयात सोपं नाही. पुढच्या वेळी मध्ये विश्रांती ठेवायची.

१३ ऑक्टोबर, रविवार

निशिकासाईला भारतीय दुकानात भाजणीचं सामान आणायला गेले. इवानागासान सामान उचलायला येतो म्हणाले होते, पण दुपारनंतर. रविवारी सकाळी त्यांचं काहीतरी असतं. गोल्फ असावा, इथे पुष्कळजण खेळतात.

तोझाई लाइनच्या गाडीत बसायला जागा नव्हती. ते पिशव्या धरून उभे होते आणि मला सांगत होते की भर समुद्रात रात्रपाळीला वायरलेसवर दूरची माणसं ऐकू यायची, आणि ती कोण हे कधीच कळायचं नाही. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मी माझ्या नवऱ्याबद्दल, चारुदत्तबद्दल सांगितलं. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली, हे कोणाला तरी पहिल्यांदाच सहज सांगता आलं.

घरी आल्यावर अनघा म्हणाली की गुरुवारी मी तीनदा साडी बदलली. तिला सांगितलं, प्रोजेक्टरच्या उजेडात फिका रंग दिसत नाही. ती सारंगकडे बघून काहीतरी पुटपुटली. पायाने घरात अडकली की माणूस चिडचिडा होतो.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

मागच्या आठवड्यात वादळाने गाड्या बंद होत्या तरी सतराजण आले होते. आज तर एकोणतीस.

आधी रस्त्यावरची भीती, मग संसदेतले कायदे, असा माझा क्रम. आज मिरवणुका घेतल्या. लंडनमध्ये पोपचा भलामोठा पुतळा करायचे, गावभर फिरवायचे आणि होळी करायचे. एकदा त्याच्या पोटात जिवंत मांजरं कोंबली होती, म्हणजे पेटवल्यावर पोप किंचाळल्यासारखा वाटावा. हा किस्सा मी नेहमी रंगवून सांगते, आवाजासकट. मुंबईत मागच्या बाकांवरची मुलंसुद्धा त्या दिवशी जागी असायची. इथेही लोक आधी चरकले, मग हसले.

पण इवानागासानांनी आज निराशा केली. मी मांजरांचं दोन मिनिटं सांगितलं, त्यांनी एका वाक्यात उरकलं. नंतर पाणी प्यायला बाहेर गेले. सोबा खायलाही थांबले नाहीत. त्यांना मांजरं आवडत असतील, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. विभाने मांजराच्या आकाराची खोडरबरं दाखवली आहेत, त्यातलं एक पुढच्या गुरुवारी त्यांना देईन.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

आज जे झालं ते लिहूनच ठेवते, म्हणजे उद्या मला ते सौम्य करता येणार नाही.

विषय होता १६७३चा टेस्ट अ‍ॅक्ट, कसोटीचा कायदा. चार्ल्सने कॅथलिकांना थोडी मोकळीक दिली, संसदेने ती मागे घ्यायला लावली, आणि वर हा कायदा केला. सरकारी नोकरी हवी, सैन्यात हुद्दा हवा, तर एक प्रतिज्ञा करायची. चर्चमधल्या प्रसादाची भाकर आणि द्राक्षरस यांचं ख्रिस्ताच्या देहात आणि रक्तात रूपांतर होतं, हे मी मानत नाही. चारचौघांत एवढं म्हणायचं. म्हणता आलं तर तुम्ही आमचे. राजाचा सख्खा भाऊ जेम्स, नौदलाचा प्रमुख, त्याला ते म्हणता आलं नाही. त्याने पद सोडलं, आणि सगळ्या देशाला कळलं की गादीचा वारस कॅथलिक आहे.

मला वाटलं, गंमत करू. प्रतिज्ञेचं जपानी भाषांतर होशिनोसानांकडून आधीच करून घेतलं होतं. म्हणाले, आपण सगळे लंडनमधले अधिकारी आहोत, एकेकाने उभं राहून वाचायचं. पहिला कागद इवानागासानांच्या हातात दिला, कारण ते माझ्या शेजारीच बसले होते.

त्यांनी कागद वाचला. चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचला. मग उठून उभे राहिले, आणि इंग्रजीत, माझ्याकडे बघून म्हणाले, "सेनसेई, हे मला म्हणता येणार नाही. मी कॅथलिक आहे."

मग वळून तेच जपानीत मंडळाला सांगितलं. स्वतःचंच भाषांतर केलं. ते वाकून नमस्कार करून खाली बसले, आणि उरलेलं व्याख्यान त्यांनी शब्द न शब्द भाषांतरित केलं. मी काय बोलले ते मला आठवत नाही.

जेवणाआधीचे मिटलेले डोळे. रविवारची सकाळ. मांजरं.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

एकतीस वर्षं ती प्रतिज्ञा मी वर्गात लिहवून घेतली. मुलांनी उतरवून घेतली, पेपरात लिहिली, मार्क मिळवले. जो ती म्हणू शकत नाही असा माणूस मी काल पहिल्यांदा पाहिला. तोही मीच उभा केलेला.

भूक नाही. अनघाने दोनदा विचारलं, काय झालं. काही नाही म्हणाले.

३ नोव्हेंबर, रविवार

लक्ष्मीपूजन झालं. चकल्या चांगल्या झाल्या, काटेरी. सारंगने ऑफिसला न्यायला डबा भरून ठेवला.

शेवटी अनघाला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती म्हणेल, त्यात काय एवढं. ती तसं म्हणाली नाही. चकल्यांचा दुसरा डबा भरला आणि माझ्या हातात दिला. इवानागासान रोज दुपारी एदो नदीच्या बंधाऱ्यावर फिरतात, हे तिला होशिनोसानांकडून कळलं होतं. मी म्हणाले, चौथीतल्या मुलीसारखी काय डबा घेऊन जाऊ? ती म्हणाली, "आई, तू गेलीस तर ते थांबून बोलतील. नाही गेलीस तर ते कधीच काही बोलणार नाहीत, आणि तूही बोलणार नाहीस. मी तुला ओळखते."

५ नोव्हेंबर, मंगळवार, भाऊबीज

गेले. बंधाऱ्यावर वारा होता आणि पदर आवरत चालताना मी वाक्यं जुळवत होते. ते समोरून आले तेव्हा एकही उपयोगी पडलं नाही. माफ करा, मला माहीत नव्हतं, एवढंच बोलले.

"माहीत नव्हतं, कारण मी सांगितलं नाही," ते म्हणाले. "मांजरांच्या दिवशीच सांगायला हवं होतं. पण आमच्या घराण्याला अडीचशे वर्षं न सांगण्याची सवय आहे, सेनसेई. ती लवकर सुटत नाही."

आम्ही बाकावर बसलो. त्यांचं गाव नागासाकीकडच्या एका बेटावर. तिथे पूर्वी दर नव्या वर्षी अधिकारी येशू-मेरीची धातूची पाटी घेऊन यायचे आणि गावातल्या प्रत्येकाने तिच्यावर पाय ठेवायचा. जो ठेवणार नाही तो कॅथलिक, त्याला शिक्षा. त्यांच्या आजीची आजी दर वर्षी पाय ठेवायची. घरी येऊन पाय धुवायची, दार लावून सगळं घर देवाची क्षमा मागायचं. पाद्री नाही, पुस्तक नाही, नुसत्या पाठ केलेल्या प्रार्थना, त्याही अर्ध्या मोडक्या. असं पिढ्यान्‌पिढ्या.

"तिने पाय ठेवला म्हणून मी आहे," ते म्हणाले. "तिला मी दोष देत नाही. पण गुरुवारी कागद हातात आला तेव्हा वाटलं, मला तर कोणी मारणार नाही. मग मी कशाला म्हणू? बोलून झाल्यावर इतकं हलकं वाटलं की काय सांगू. होशिनोसान मला वीस वर्षं ओळखतात. त्यांनाही माहीत नव्हतं."

म्हणजे मी पाच दिवस ज्याचं दुःख करत होते, त्याने तो माणूस खूश होता. मला राग यायला हवा होता, पण हसूच आलं. डबा उघडला. त्यांनी चकली तोडली, त्या आवाजाने कबुतरं उडाली.

त्यांना म्हणाले, आज पाच नोव्हेंबर, इंग्लंडमध्ये आज फटाके, आमच्याकडेही आज फटाके, चला घरी. विभाने बंधाऱ्याखाली फुलबाज्या पेटवल्या. नंतर घरी ओवाळणं झालं. अनघाने लॅपटॉपसमोर तबक फिरवून पुण्याच्या मावसभावाला ओवाळलं. विभाला ते फार आवडलं. ती म्हणाली, आजी, तू इवानागासानांना ओवाळ ना. मी उठतच होते, तर अनघाने लंगडत येऊन तबक उचललं आणि आत नेलं. म्हणाली, निरांजनातलं तूप संपलं. तूप मी संध्याकाळीच भरलं होतं, काठोकाठ. सारंग खोकत खोकत बाल्कनीत गेला.

१० नोव्हेंबर, रविवार

या गुरुवारी हॉल इकेबानावाल्यांकडे, म्हणजे फुलांच्या रचना करणाऱ्यांकडे, होता, त्यामुळे मंडळ नव्हतं. पण आम्ही रोज भेटतोय, ग्योतोकुच्या वाचनालयात. फक्त कामासाठी.

झालं असं, की बुधवारी बोलता बोलता मी १६७३ म्हणाले आणि इवानागासान ताठ बसले. म्हणाले, त्या गुरुवारी लक्षातच आलं नाही, त्याच वर्षी नागासाकीला एक इंग्रजी जहाज आलं होतं. त्यांच्याकडे शाळेत स्थानिक इतिहासात होतं. मला हे ठाऊक नव्हतं. कदाचित कुठल्या तळटीपेत वाचून सोडून दिलं असेल. त्यांनी जपानी पुस्तकं काढली, मी इंटरनेटवर कंपनीच्या नोंदी शोधल्या, आणि दोन्ही बाजूंचे कागद टेबलावर एकमेकांना जुळले. मार्चमध्ये लंडनला कसोटीचा कायदा. त्याच उन्हाळ्यात नागासाकीला जहाज.

साठी ओलांडल्यावर मला नवीन काही सापडेल असं वाटलं नव्हतं. काल वाचनालय बंद व्हायची घोषणा झाली तेव्हा आम्ही दोघं एकाच ओळीवर बोट ठेवून बसलो होतो. ती ओळ फार बारीक अक्षरात होती.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आजच्यासारखा दिवस माझ्या नोकरीत कधी आला नाही.

आधी मी मंडळाची माफी मागितली, दोन आठवड्यांपूर्वीच्या खेळाबद्दल. इवानागासानांनी भाषांतर करताना बहुतेक माझी माफी गाळून माझं कौतुक केलं, कारण लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग आम्ही दोघांनी मिळून सांगितलं.

मी लंडन सांगत होते, ते नागासाकी. आणि मग जहाज बंदरात आल्यावर आम्ही नाटकच केलं. होशिनोसान नागासाकीच्या अधिकारी, मी इंग्रज व्यापारी. नाटक करायची सूचना त्यांचीच, मी या वेळी आधी सगळ्यांना विचारलं होतं.

होशिनोसानांनी विचारलं, तुमचा धर्म पोर्तुगीजांचाच का? मी म्हणाले, मुळीच नाही, आमच्या देशात त्यांना कोणी नोकरीसुद्धा देत नाही. मग तुमच्या निशाणावर हा क्रूस कसला? तो आमच्या देशाचा, धर्माचा नव्हे. तुमच्या राजाची राणी कोण? मी खाली बघितलं. पोर्तुगालची राजकन्या. लग्नाला किती वर्षं झाली? अकरा. मुलं? नाहीत.

हे सगळे प्रश्न खरोखर विचारले गेले होते. जपान्यांना भीती, की कॅथलिक राणीच्या मागून पाद्री येतील. जहाजाला व्यापाराची परवानगी नाकारली. होशिनोसानांनी हात उंचावून हुकूम दिला, जहाज परत न्या. मी म्हणाले, महाराज, जहाजाचं नावच रिटर्न आहे. इवानागासानांनी भाषांतर केलं आणि हॉल हसून कोसळला. ते स्वतः इतके हसले की पुढचं वाक्य तीनदा सुरू करावं लागलं.

मग ते गंभीर होऊन म्हणाले, आणि हे त्यांचं स्वतःचं होतं, माझ्या टिपणांत नव्हतं, की लंडनची संसद आणि एदोचं, म्हणजे तेव्हाच्या टोकियोचं, सरकार एकमेकांना ओळखत नव्हते, तरी एकाच वर्षी एकाच बाईला घाबरले. ती बाई तर आपल्या खोलीत बसून प्रार्थना करत होती.

कोणीतरी विचारलं, तिचं पुढे काय झालं. मी सांगितलं, पाच वर्षांनी एका खोटारड्या माणसाने आरोप केला की कॅथलिक राजाला मारणार आहेत, आणि त्या कटात राणीही आहे. त्याच्या थापांवर निरपराध माणसं फासावर गेली. कॅथलिकांना संसदेची दारंच बंद झाली. राजाला पुष्कळांनी सुचवलं, हिला सोड, प्रोटेस्टंट बायको कर, वारस होईल. चार्ल्स बाहेरख्याली होता, तिला त्याने आयुष्यभर दुःख दिलं. पण तेव्हा त्याने तिचा हात सोडला नाही. म्हणाला, निरपराध बाईवर अन्याय होऊ देणार नाही.

हे सांगताना इवानागासान माझ्याकडे बघत होते. दुभाष्याला वक्त्याकडे बघावंच लागतं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

शेवटचं व्याख्यान. जेम्स राजा झाला, तीन वर्षांत त्याला देश सोडावा लागला, आणि संसदेने लिहूनच टाकलं की कॅथलिकाने किंवा कॅथलिकाशी लग्न करणाऱ्याने इंग्लंडच्या गादीवर बसायचं नाही. पुढे पन्नासहून अधिक जवळचे वारस धर्मामुळे ओलांडून राज्य जर्मनीतल्या लांबच्या घराण्याला दिलं.

पहिल्या दिवशीच्या त्याच आजोबांनी विचारलं, कायदा अजून आहे का? मी सांगितलं, राजा स्वतः कॅथलिक असू शकत नाही, ते अजून आहे. पण कॅथलिकाशी लग्न केलं म्हणून हक्क जाणार नाही, असा कायदा याच वर्षी एप्रिलमध्ये ब्रिटिश संसदेने केला. अंमल व्हायचाय. तीनशे चोवीस वर्षं लागली.

होशिनोसान जागेवरूनच काहीतरी बोलल्या. सगळे हसले, दोघीतिघींनी टाळ्या वाजवल्या. त्याचं भाषांतर मात्र मला मिळालं नाही. इवानागासानांचे कान लाल झाले होते. हॉलमध्ये हीटर फार वाढवतात.

२४ नोव्हेंबर, रविवार

त्यांच्या चर्चला गेले. मीच विचारलं होतं, येऊ का. मागच्या बाकावर बसले. फिलिपिन्सच्या बायका, जपानी म्हातारे, लहान मुलं. कोणी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. भाकर घ्यायला ते रांगेत पुढे गेले, आणि ज्या वाक्यावर मी हजारो मुलांची परीक्षा घेतली, त्याचा अर्थ त्यांच्या पाठीकडे बघताना कळल्यासारखा वाटला. मी ते मानत नाही. मानायला हवं असंही नाही.

बाहेर पडल्यावर स्टेशनपर्यंत चाललो. फाटकाशी थांबून ते म्हणाले, "मी पंधरा वेळा मुंबई पाहिली, ती गोदीतून. आता तुम्ही जिथे राहता ती पाहायची आहे. जानेवारीत येऊ का? पर्यटक म्हणून नाही विचारत."

मी पर्समध्ये तिकीट चाचपायला लागले. ते म्हणाले, "मी रविवारी प्रार्थना करणार. तुम्ही गणपती बसवणार. मला दोन्ही चालेल. तुम्हाला?"

एवढ्या सरळ प्रश्नाला मी इतिहासाच्या प्राध्यापकासारखं उत्तर दिलं, विचार करायला वेळ हवा. ते हसले. म्हणाले, तीनशे चोवीस वर्षं लावू नका.

घरी आल्यापासून मागची पानं वाचतेय. साड्या. कामासाठी रोज वाचनालय. बारीक अक्षरातली ओळ. बाई बाई, तूप. कसोटीला बसलेली मी होते आणि सगळ्यांना निकाल माहीत होता.

चारुदत्तची आठवण आली. अपराधी वाटेल म्हणून थोडा वेळ थांबले. नाही वाटलं. त्याला हे जहाज फार आवडलं असतं.

१ डिसेंबर, रविवार

परवा विमान. आज इवानागासानांना हो म्हणाले. बंधाऱ्यावर, वाऱ्यात. त्यांनी दोन्ही हातांनी टोपी धरली होती, ती सोडून माझा हात धरला, आणि टोपी गेली नदीत.

मग घरी येऊन अनघाला आणि सारंगला समोर बसवलं. मी म्हणाले, तुम्हाला धक्का बसेल, पण शांतपणे ऐका. सगळं ऐकून झाल्यावर अनघा म्हणाली, "आई, आम्हाला ऑक्टोबरपासून माहीत आहे." सारंगने चहा टाकला. विभा जपानीत काहीतरी म्हणाली, आणि या वेळी मी भाषांतराची वाट पाहिली नाही. तिला आजोबांच्या होडीत बसायचं होतं. तिला सांगितलं, आता ते जहाजावर नसतात. ती हिरमुसली.

१७ जानेवारी २०१४, शुक्रवार
विलेपार्ले

उद्या सकाळी ते येतायत. दोन खोल्या झाडून झाल्या. पार्ल्याच्या चर्चची रविवारची वेळ विचारून आले. इतकी वर्षं त्या दारावरून भाजीला जाते, आत पहिल्यांदाच गेले.

शेजारी काय म्हणतील, हा विचार येतो आणि जातो. साठी उलटल्यावर, जपानी, त्यात ख्रिस्ती. म्हणतील ते म्हणोत, पण सकाळपासून दोनदा पडदे ओढून घेतले, तेही लिहून ठेवते.

मला खरी भीती होती वृंदाची. माझी धाकटी बहीण, सोवळ्याची नसली तरी नेमाची. आज दुपारी तिला फोन केला, रविवारी रात्री आम्ही दोघं तुझ्याकडे येतोय म्हणून. तिने विचारलं, "घरी सगळे असतील. ओळख काय म्हणून करून देऊ? तुझे जपानचे सहकारी?"

मी म्हणाले, "नको. मला आवडलेला माणूस म्हणून करून दे."

फोनवर फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला. मग वृंदा म्हणाली, "मासे खातात का?"

मी म्हणाले, आयुष्यभर समुद्रावर होते.

"मग पापलेट करते," ती म्हणाली. "वेळेवर या."